तीळ, गूळ आणि एका डॉक्टरचे हात

दरवर्षी आपल्या संस्थेच्या स्मरणिकेसाठी लेख मागणारे पत्र आले की मधुमेह, रक्तदाब अथवा क्षयरोग यांपैकी एखादा विषय निवडून मी चार पाने लिहून देत आलो. यंदाचा विषय मात्र निराळा आहे आणि तो वाचून काही व्यवसायबंधूंच्या चेहऱ्यावर स्मित उमटेल, याची मला कल्पना आहे. विषय आहे गिनीपिग. आणि तोही प्रयोगशाळेतला नव्हे, घरातला. चाळीस वर्षे माणसांच्या नाडीवर बोटे ठेवणाऱ्या माझ्यासारख्याला, वजनाने एक किलोदेखील न भरणाऱ्या या जीवाने उतारवयात स्पर्शाचा पहिला धडा दिला. त्या धड्याची किंमत मोठी होती आणि ती मी नव्हे, त्यानेच मोजली. म्हणून हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

जुने ऋण

आमच्या पिढीतील डॉक्टरांना गिनीपिग प्रथम भेटला तो औषधशास्त्राच्या प्रात्यक्षिकात. टायरोडच्या द्रावणात टांगलेला त्याच्या आतड्याचा इवलासा तुकडा, त्यावर पडणारे हिस्टामिनचे थेंब आणि काजळी धरलेल्या कागदावर उमटणारे उंच-सखल आलेख, एवढीच त्याची आमची ओळख. तो प्राणी जिवंत असताना कसा दिसतो, कसा बोलतो, हे विचारण्याचे आम्हांपैकी कोणाच्याही मनात आले नाही. आता पदवीच्या वर्गात तो आलेख संगणकाच्या पडद्यावर दाखवतात, ही समाधानाची गोष्ट आहे.

या प्राण्याचे आपल्या शास्त्रावरील ऋण मात्र त्या आलेखापुरते नाही. रॉबर्ट कॉख याने 1882 साली क्षयरोगाचा जंतू जगापुढे ठेवला, तेव्हा त्याच्या पुराव्याचा मोठा भार गिनीपिगनेच वाहिला होता. पुढे कित्येक दशके, संशयित थुंकी वा द्रव गिनीपिगला टोचून आठवडे वाट पाहणे ही क्षयनिदानाची एक खात्रीची रीत होती. 1907 साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिश हे दोघे निराळ्याच आजाराच्या शोधात गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवत होते. त्यांना अचानक स्कर्व्ही दिसला आणि क जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट मोकळी झाली. आपल्याप्रमाणेच या प्राण्यालाही स्वतःच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार करता येत नाही, हे त्यामागचे कारण.

आपल्या मुंबईचाही या कथेत वाटा आहे. प्लेगच्या त्या भीषण वर्षांत परळच्या प्रयोगशाळेत (1925 पासून जिला आपण हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखतो) काम करणाऱ्या ग्लेन लिस्टन यांच्या दृष्टीस असे आले की राणीच्या बागेतील गिनीपिग प्लेगने मरत आहेत आणि त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा आहेत. 1905 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी ही निरीक्षणे मांडली. त्यानंतर प्लेग संशोधन आयोगाने प्लेगग्रस्त, ओस पडलेल्या घरांत गिनीपिग सोडून आणि पिंजऱ्यात ठेवून, उंदराकडून माणसाकडे रोग नेणारी ही पिसूच आहे, हे पक्के केले. आपल्या आजोबा-पणजोबांनी गाव सोडून शेतात झोपड्या घातल्या, त्या काळात या मुक्या जीवांनी आपल्यासाठी रिकाम्या घरांत मुक्काम केला होता.

इतके सगळे मला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एवढेच, की त्याला उचलावे कसे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, केव्हा उचलू नये.

संक्रांतीचे पाहुणे

दोन वर्षांपूर्वीच्या संक्रांतीला माझ्या मुलाने हैदराबादहून येताना आपल्या आठ वर्षांच्या लेकीसाठी एका पेटीत दोन पिल्ले आणली. एक काळसर, दुसरे तांबूस. सण तिळगुळाचा, म्हणून नातीने त्यांची नावे ठेवली तीळ आणि गूळ. दोघे भाऊ होते. आमच्या कमलनगरात गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या घरोघरी. पण असला प्राणी कोणी पाहिलेला नव्हता. शेजारच्या बाया विचारू लागल्या, "डॉक्टरसाहेब, हा ससा म्हणावा का उंदीर?" मी त्यांना सांगे, दोन्ही नव्हे. हा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातला. तिकडच्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला माणसाळवले.

आमचा हा भाग देवणी बैलांचा. येथला शेतकरी बैलाच्या कानाच्या हालचालीवरून, शेपटीच्या झटक्यावरून त्याचा मिजास ओळखतो. गाय दूध का चोरते, बैल जू का झिडकारतो, हे तो न सांगता जाणतो. मी त्याच शेतकऱ्यांचा नातू. परंतु शिक्षणाने माझ्या हाताला एक निराळी सवय लावली होती: समोरच्या देहाला हात लावण्याचा अधिकार आपल्याला आहेच, असे गृहीत धरण्याची.

संध्याकाळी दवाखाना आटोपून आलो की मी पिंजऱ्याचे वरचे झाकण उघडून तिळाला उचलीत असे. गूळ चपळ होता. तो लाकडी घरकुलात दडे. तीळ मात्र जागच्या जागी थिजून बसे, म्हणून तोच माझ्या हाती लागे. मांडीवर घेतला की तो हलत नसे, ओरडत नसे, चावत नसे. मी पाहुण्यांना अभिमानाने सांगे, "बघा, किती शांत आहे. डॉक्टरच्या हातचा गुण!"

नात एकदा म्हणाली, "आजोबा, त्याला नको आहे."

"काही होत नाही गं. बघ कसा निवांत बसलाय."

"निवांत नाही आजोबा. तो डोळे मोठे करून बसलाय."

मी हसून तिच्या पाठीवर थाप मारली. चाळीस वर्षांच्या अनुभवापुढे आठ वर्षांच्या मुलीचे निरीक्षण मला खेळकर वाटले.

चैत्रातील ते तीन दिवस

पाडव्याला आमच्याकडे सगळे गोत जमते. उदगीर, बीदर, भालकी, लातूर अशा ठिकाणांहून मुले-बाळे आली. दुपारचे ऊन कडक झाले होते. मुलांनी हट्ट धरला आणि मी तिळाला बाहेर काढून बैठकीत आणले. दहा-बारा मुले गोल करून बसली आणि तीळ एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर फिरू लागला. कोणी पाठीवरून हात फिरवला, कोणी पोट वर करून पाहिले, कोणी कानाशी टाळी वाजवली. तो स्तब्ध होता. तास-दीड तास हा सोहळा चालला. नात दारात उभी राहून पाहत होती. ती काही बोलली नाही, कारण तिचे बोलणे यापूर्वी मी ऐकलेले नव्हते.

त्या रात्री तिळाने गवताला तोंड लावले नाही. दुसऱ्या दिवशी कोथिंबीरही हुंगून सोडली. लेंड्या जवळजवळ बंद झाल्या. अंगावरचे केस उभे करून तो कोपऱ्यात बसला. मी दवाखान्यातून लहान मुलांच्या अमॉक्सिसिलिनची बाटली आणली आणि झाकण उघडणार, तोच मनात आले की निदान पशुवैद्यकांना विचारावे. बीदरला राज्याचे पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय. एवढी सोय दोन्ही हातांना असताना मी आपल्याच कपाटाकडे वळलो होतो. ओळखीच्या एका पशुवैद्यकांना दूरध्वनी केला. ते म्हणाले, "डॉक्टर, ती बाटली बंद करा. पेनिसिलिनच्या कुळातली औषधे तोंडावाटे दिली तर या प्राण्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि त्यातच तो जातो." मग त्यांनी विचारले, "गेल्या महिन्यात वजन किती होते? आता किती कमी झाले?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. दवाखान्यात येणारे प्रत्येक तान्हे मूल वजनकाट्यावर ठेवल्याशिवाय मी औषध लिहीत नाही. आणि घरातल्या या जीवाचे वजन मी एकदाही केले नव्हते.

आम्ही त्याला बीदरला नेले. तेथे द्रव दिले, नळीने पातळ अन्न भरवण्याचा प्रयत्न झाला. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. नेमक्या कशाने, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पशुवैद्यकांचे मत असे की आजार बहुधा आधीपासून आत असावा. त्यात ऊन, गोंगाट आणि भीती यांची भर पडली. "हे शिकार होणारे प्राणी आहेत," ते म्हणाले. "दुखणे दाखवले तर शत्रू टिपतो, म्हणून शेवटपर्यंत लपवतात. तुम्ही ज्याला शांतपणा म्हणत होता तो कदाचित भीती असेल, कदाचित अशक्तपणा. सुख मात्र नव्हते."

नातीने परसात पेरूच्या झाडाखाली त्याला पुरले. तिने मला एकही शब्द बोलून दाखवला नाही. तेच मला फार लागले.

त्यांची भाषा

सीमेवरच्या डॉक्टरला तीन-चार भाषा याव्याच लागतात. दुखण्याला कोणी 'नोवु' म्हणतो, कोणी 'नोप्पी', कोणी 'दरद', कोणी 'कळ'. रुग्णाची भाषा येत नाही म्हणून त्याचे दुखणे खोटे, असे आपण कधी म्हणत नाही. मग गुळाची भाषा शिकायला काय हरकत होती? तीळ गेल्यावर मी नातीलाच गुरू केले. आम्ही दोघे पिंजऱ्यापाशी बसून नुसते पाहू लागलो, वाचू लागलो, पशुवैद्यकांना विचारू लागलो. जे समजले ते येथे देतो.

पिशवीचा वा शीतकपाटाच्या दाराचा आवाज येताच लांबलचक, चढती शीळ येते. ती भुकेची आणि अपेक्षेची हाक. ती माणसांसाठीच राखून ठेवल्यासारखी असते. मांजरासारखी मंद, खोल गुरगुर आणि सैल सोडलेले अंग, हे समाधान. पण हीच गुरगुर उंच, तुटक झाली आणि अंग ताठरले, तर ती अस्वस्थता. जड, घुमणारा आवाज काढत, कंबर डोलवत दुसऱ्याभोवती फिरणे म्हणजे वर्चस्व किंवा प्रणयाचा पवित्रा. दातांवर दात वाजवणे हा स्पष्ट इशारा: येथेच थांबा. त्यानंतरही हात पुढे गेला तर चावा बसतो, आणि तो चावा हा त्याचा दोष नव्हे.

काही खुणा आवाजाविना असतात. पाठीवर हात फिरवताना डोके झटकन वर उडवले, तर त्या जागी स्पर्श नको आहे. नाकाने हात बाजूला ढकलला, तर पुरे झाले. मांडीवर बसलेला प्राणी चुळबुळू लागला, कपडा हलकेच कुरतडू लागला, तर बहुधा त्याला लघवीला जायचे आहे. त्याला खाली ठेवावे. डोळ्यांच्या कडेचे पांढरे दिसू लागले, अंग दगडासारखे झाले, तर तो घाबरला आहे. तिळाची खूण हीच होती. माझ्या नातीने ती वाचली होती, मी वाचली नव्हती.

आणि आनंदाची खूण? ज्वारीच्या लाह्या तव्यावर फुटाव्यात तसा तो जागच्या जागी चारही पायांनी हवेत उडतो, अंगाला हिसका देतो, पुन्हा धावतो. विशेषतः पिल्ले असे करतात. ही उडी पाहिल्यावर, मांडीवर थिजून बसलेला प्राणी सुखी आहे असे कोणी म्हणणार नाही.

हात कसा पुढे करावा

गिनीपिगचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्याला सभोवतालचे बरेच दिसते, पण नाकाच्या अगदी समोरचे नीट दिसत नाही. वरून येणारा हात म्हणजे त्याच्या लेखी झडप घालणारी घार. म्हणून पहिला नियम असा की वरून हात घालू नये. आम्ही पिंजऱ्याचे दार बाजूने उघडेल असे करून घेतले.

पहिला आठवडा मी केवळ पिंजऱ्यापाशी जमिनीवर बसून वर्तमानपत्र वाचले. दुसऱ्या आठवड्यात दारात हात ठेवला, तळवा वर, त्यावर कोथिंबिरीची काडी. गूळ आला नाही. मी काडी ठेवून उठलो. असे कित्येक दिवस गेले. एके संध्याकाळी त्याने मान लांबवून काडी ओढली आणि पळाला. नात कुजबुजली, "आजोबा, आता हलू नका." मी हललो नाही. सुमारे तीन आठवड्यांनी त्याने पुढचे दोन पाय माझ्या तळव्यावर ठेवून खाल्ले. माझ्या व्यवसायात बरी झालेली अनेक माणसे पाया पडली असतील. परंतु त्या दोन थंड, चिमुकल्या पावलांचा भार मी विसरणार नाही.

उचलायचेच असेल तर दोन्ही हात वापरावेत. एक हात छातीखाली, पुढच्या पायांमागे. दुसरा मागच्या अंगाखाली, संपूर्ण वजन पेलेल असा. मग लगेच आपल्या छातीशी टेकवून धरावे, म्हणजे त्याला आधार वाटतो. एका हाताने पोटाभोवती मूठ आवळू नये. पाठीवर उताणे करू नये. या प्राण्याला उंचीचा अंदाज नसतो. तो हातातून उडी घेतो आणि पाय वा पाठीचा कणा मोडून घेतो. म्हणून लहान मुलाने नेहमी जमिनीवर बसूनच त्याला घ्यावे, आणि जवळ मोठे माणूस असावे. परत ठेवताना हात पूर्ण खाली टेकेपर्यंत सोडू नये. सुरुवातीला पाच-दहा मिनिटे पुरेत. एका वेळी एक मूल. रांग लावू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे: तो लपला असेल तर त्याला बाहेर ओढू नये. लपण्याची जागा ही त्याची देवघरासारखी खासगी जागा आहे. तेथे हात घातला की आठवड्यांची कमाई एका क्षणात जाते.

घरी आणण्यापूर्वी

हे वाचून एखाद्या घरात मुले हट्ट धरतील, म्हणून चार गोष्टी सांगणे माझे कर्तव्य आहे. हा प्राणी पाच ते सात वर्षे जगतो. हौस सहा महिन्यांत ओसरते. तो एकट्याने राहणारा नाही. स्वित्झर्लंडने तर 2008 पासून अशा सामाजिक प्राण्याला एकटे ठेवण्यास कायद्यानेच मनाई केली. तीळ गेल्यावर गूळ दिवसदिवस कोपऱ्यात बसू लागला, तेव्हा पशुवैद्यकांच्या सल्ल्याने एक लहान नर पिल्लू आणले. पांढरेशुभ्र, म्हणून नाव हलवा. आधी काही दिवस दोघांना वेगळे ठेवले, मग दोघांनाही नव्या असलेल्या मोकळ्या जागेत भेटवले. गूळ डोलत, घुमत त्याच्याभोवती फिरला. मी घाबरून हात घालणार होतो, नातीने अडवले. दात वाजले नाहीत, म्हणजे भांडण नाही, हे तिने मला समजावले. तासाभरात दोघे एकाच गवताच्या ढिगात तोंड घालून बसले होते.

नर-मादी जोडी आणू नये. मादी पहिल्यांदा सहा-सात महिन्यांच्या वयानंतर गाभण राहिली, तर तिच्या जघनास्थींचा सांधा ताठ झालेला असतो आणि प्रसूती अडते. स्त्रीरोगतज्ज्ञांना याहून अधिक सांगणे नको. शिवाय गाभणकाळ दोन महिन्यांहून थोडा अधिक, आणि पिल्ले जन्मतःच डोळे उघडी, अंगभर केस असलेली, धावणारी. संख्या हाताबाहेर जायला वेळ लागत नाही.

आहारात मुख्य भाग गवताचा, आणि तो सतत समोर असावा. कारण दात आयुष्यभर वाढतात आणि चघळण्यानेच झिजतात. आम्ही स्वच्छ, वाळलेले गवत आणि हरळी देतो. ज्वारीची कोवळी पाने देत नाही. ती गुरांनाही बाधतात, हे आपल्याकडे शेतकरी जाणतात. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य. क जीवनसत्त्व दररोज हवे, वजनाच्या किलोमागे साधारण 10 ते 30 मिलिग्रॅम. कोथिंबीर, ढोबळी मिरची आणि पेरूची लहानशी फोड यांतून ते मिळते. पाण्यात गोळी विरघळवून ठेवण्यात अर्थ नाही. ते लवकर नष्ट होते.

आपल्या भागात सर्वांत मोठा शत्रू उन्हाळा. या प्राण्याला थंड डोंगराळ हवा मानवते. पारा तिशीकडे जाऊ लागला की उष्माघाताचे भय असते, आणि आपल्याकडे तो चाळिशी ओलांडतो. पत्र्याखाली पिंजरा ठेवू नये. आम्ही चैत्र-वैशाखात पिंजरा घरातील सर्वांत थंड, फरशीच्या खोलीत हलवतो, ओले पोते खिडकीला बांधतो आणि त्या महिन्यांत दुपारी त्यांना मुळीच हाताळत नाही. दर रविवारी सकाळी स्वयंपाकघरातील काट्यावर दोघांचे वजन होते. वही नातीची, अक्षरही तिचेच. अर्धा-एक दिवस खाणे थांबले तर तो तातडीचा रुग्ण समजावा, आणि माणसांच्या डॉक्टरने आपले कपाट उघडू नये.

पुन्हा दवाखान्यात

या साऱ्याचा आपल्या व्यवसायाशी संबंध काय, असे कोणी विचारील. मलाही प्रारंभी तो दिसला नव्हता.

गेल्या वर्षी एका खेड्यातील सासू आपल्या सुनेला घेऊन आली. सून विशीतली, पदर पुढे ओढून बसलेली. सासू सगळे सांगत होती. सून गप्प होती. "काही त्रास नाही ना बाळ?" मी विचारले. तिने मान हलवली. पूर्वीचा मी असतो तर 'रुग्ण शांत, सहकार्य करणारी' असे मनात नोंदवून तपासणीला हात पुढे केला असता. त्या दिवशी माझे लक्ष तिच्या डोळ्यांकडे गेले. ती हलत नव्हती. मला एकदम पाडव्याची ती दुपार आठवली. मी हात मागे घेतला, परिचारिकेला बोलावले, सासूबाईंना बाहेर चहा घ्यायला विनंती केली आणि काही न बोलता थोडा वेळ बसून राहिलो. पुष्कळ वेळाने ती बोलू लागली. काय बोलली, ते सांगण्याचा मला अधिकार नाही. एवढेच सांगतो की 'काही त्रास नाही' हे खरे नव्हते.

लहान मुलांच्या बाबतीतही माझी रीत बदलली आहे. पूर्वी आईने हात-पाय धरायचे आणि मी घसा पाहायचा, असा शिरस्ता होता. आता मी आधी स्टेथोस्कोप त्याच्या हाती देतो. त्याने माझी छाती तपासावी, मग मी त्याची. दोन मिनिटे अधिक लागतात. प्रत्येक वेळी हे साधते असे नाही. तातडीच्या प्रसंगी धरावेच लागते. पण पूर्वी जो अपवाद असायला हवा होता तो माझा नियम झाला होता, हे मात्र खरे.

गप्प राहणे ही संमती नव्हे. वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात हे वाक्य आता असते. माझ्या काळी नव्हते. मला ते शिकवण्यासाठी एका मुक्या जीवाला तीन दिवस उपाशी राहून जावे लागले, आणि त्याआधी एका लहान मुलीने ते मला साध्या मराठीत सांगितले होते. तेव्हा मी ते ऐकले असते तर आज हा लेख लिहिण्याचे कारण पडले नसते.

नातीने पिंजऱ्यावर एक पुठ्ठा लावला आहे. पाहुण्यांसाठी त्यावर तिच्या अक्षरात तीन ओळी आहेत: आधी बसा. मग हात पुढे करा. तो आला नाही तर उद्या या. परवा दवाखान्याला सुट्टी होती, म्हणून मी दुपारीच पिंजऱ्यापाशी जाऊन बसलो. हलवा लगेच आला. गूळ घरकुलाच्या दारातून माझ्याकडे पाहत राहिला आणि आत वळला. कोथिंबिरीची काडी दारात ठेवून मी उठलो.